विसरभोळ्या बाईचा विमा

गास, वसई
९ जुलै २०२४

सॅमी,

आधी सवयीने ‘प्रिय’ लिहिलं होतं. मग खोडलं. वर जो काळा डाग दिसतोय तो त्याचा.

तुझा फोन लागत नाहीये, कारण मी तुझा नंबर ब्लॉक केलाय. फोनवर तू मध्ये बोलतोस. ‘मम्मी ऐक, मम्मी तुला कळत नाहीये’ असं करता करता मला जे सांगायचं असतं तेच राहून जातं. पत्रात मध्ये बोलता येत नाही. हे स्पीड पोस्टाने पाठवतेय. बंगळूरला तुला सही करून घ्यावं लागेल, म्हणजे मिळालंच नाही असं म्हणायची सोय नाही.

मला सगळं कळलंय.

काल परेशच्या ऑफिसात गेले होते. नालासोपाऱ्याला विम्याची कामं करतो तोच परेश, ज्याने माझा श्रीलंकेचा आणि नेपाळचा विमा काढून दिला होता. पप्पा गेल्यावर मी पाठीवर सॅक टाकून एकटी फिरायला लागले तेव्हा तू सगळ्यांना हसत सांगायचास, ‘आमची मम्मी म्हातारपणी हिप्पी झाली.’ आठवड्या-दोन आठवड्यांचं होतं तोवर तुला त्याची मजा वाटत होती. या वेळी मी चार महिने म्हटलं. व्हिएतनाम, लाओस, थायलंड, कंबोडिया. बसने, रेल्वेने, बोटीने जायचं, आवडेल तिथे थांबायचं, स्वस्तातल्या डॉर्मिटरीत झोपायचं. एकाहत्तराव्या वर्षी एवढ्या लांबच्या प्रवासाचा विमा सहज मिळत नाही हे मला ठाऊक होतं. बऱ्याच कंपन्या वय ऐकूनच फोन ठेवतात. एक तयार झाली होती. माझं ब्लडप्रेशर मी त्यांना आपण होऊन सांगितलं होतं. रक्ताचे, ईसीजीचे रिपोर्ट चांगले आले होते.

परेशने मला बसवलं आणि न विचारता चहा मागवला.

“आंटी, त्यांनी रिजेक्ट केलंय.”

“वयामुळे?”

“नाही.” तो कीबोर्डकडे बघत होता. “तुम्ही घरच्या माणसाचा नंबर म्हणून सॅमीचा दिला होता ना? व्हेरिफिकेशनचा कॉल त्याला गेला. तो म्हणाला, मम्मीला विसरायला होतं. दोनदा हरवली पण होती. एकटीला पाठवण्यासारखी परिस्थिती नाही.”

“सॅमी म्हणाला?”

“मी पण हेच विचारलं, आंटी. रेकॉर्डेड कॉल आहे म्हणाले.”

मी हरवले होते म्हणे! तुझ्याकडे बंगळूरला आले होते तेव्हा तू सकाळी ऑफिसला जायचास आणि मी त्या अठराव्या मजल्यावर भिंती बघत बसायचे. म्हणून मी बस पकडून तलाव बघायला गेले, दुसऱ्या दिवशी फुलांचा बाजार बघायला गेले, आणि दोन्ही दिवस संध्याकाळी आपल्या पायांनी परत आले. मी हरवले नव्हते, सॅमी. मी तुझ्या घरात नव्हते, एवढंच.

तू हे का केलंस तेही मला माहीत आहे. मे महिन्यात फोनवर तू म्हणालास, “मम्मी, तिकडे तुला काही झालं तर मला रजा कोण देणार?” मी ते हसण्यावारी नेलं. तू मात्र मनावर घेतलंस.

आणि तू तेवढ्यावर थांबला नाहीस. आग्नेल, तुझ्याच वर्गातला, हल्ली चर्चमध्ये रविवारी बायबलचं वाचन कुणी करायचं ते तोच ठरवतो. परवा कुंपणाशी आला. “रिटामावशी, पुढचे काही महिने तुम्ही आराम करा. पहिलं वाचन दुसरं कुणी करेल.”

“का? माझा आवाज बसलाय?”

“तसं नाही. सॅमीचा फोन आला होता. म्हणाला, जरा लक्ष ठेव.”

आग्नेलच्या पोटात काही राहत नाही हे तुला शाळेपासून माहीत आहे. आता औषधाच्या दुकानातली मुलगी माझ्याशी मोठ्याने आणि तुटक बोलते. “ही, सकाळची. ही, संध्याकाळची.” भाजीवाली सुटे पैसे माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटते. फोर्टमधल्या कंपनीच्या टेलिफोन बोर्डवर मी एकतीस वर्षं काढली, अर्ध्या मुंबईचे नंबर डोक्यात घेऊन बसायचे. त्या बाईची बोटं आता भाजीवाली मिटते.

हे मी तुला फेडायला लावीन.

रिटा बॅप्टिस्ट लोपीस


गास
२० ऑगस्ट २०२४

सॅमी,

सोबत घड्याळाचं एक चित्र आहे. मी काढलंय. अकरा वाजून दहा मिनिटं झालीत. फ्रेम करून तुझ्या हॉलमध्ये लाव.

बोरिवलीला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले होते. नर्सने विचारलं, “बरोबर कोण आलंय?” म्हटलं, मी आलेय माझ्याबरोबर. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला पाच शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला लावले, घड्याळ काढायला लावलं, एका मिनिटात जितक्या आठवतील तितक्या प्राण्यांची नावं घ्या म्हणाले. मी वाडीतल्या बेडकापासून सुरुवात केली. मग म्हणाले, “शंभरातून सात वजा करत जा.”

“कुठपर्यंत?”

“मी थांबवीपर्यंत.”

ते काहीतरी लिहीत राहिले आणि मला थांबवायचं विसरले. शेवटी दोन उरले तेव्हा मी म्हटलं, “डॉक्टर, आता आणखी खाली जायला जागा नाही.” ते हसले. मला हसू आलं नाही. एक म्हातारी बाई खुर्चीत बसून आपल्याला अक्कल आहे हे परक्या माणसाला वजाबाकी करून पटवतेय, आणि तिला तिथे बसवणारा तिचा मुलगा आहे. तो रिपोर्ट स्वच्छ आला. तुला धक्का बसला असेल तर पाणी पी.

परवाच्या रविवारचं आग्नेलने कळवलं असेलच, पण तो अर्धवट सांगतो.

चर्चमध्ये मिस्सा सुरू झाला आणि पहिलं वाचन करणारी मुलगी आलीच नव्हती. आग्नेल इकडेतिकडे बघायला लागला. मी उठले. तो अर्धा उभा राहून हातानेच ‘नको’ म्हणाला. मी त्याच्या अंगावरून गेले. वर जाऊन पुस्तक उघडलं, पान सगळ्यांना दिसेल असं धरलं, आणि मिटून बाजूला ठेवलं. मग त्या दिवसाचं वाचन तोंडपाठ म्हटलं. आठवडाभर केळींच्या मधून फिरताना पाठ करत होते. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. फादर खुर्चीत पुढे सरकून बसले होते. आग्नेल चपलांकडे बघत होता.

मिस्सा संपल्यावर पायऱ्यांवर बायका जमल्या. मी आवाज न चढवता सांगितलं, “माझ्या सॅमीने विमा कंपनीला सांगितलंय की मला काही आठवत नाही. ते खोटं आहे. मला प्रवासाला जाऊ द्यायचं नाही म्हणून तो खोटं बोलला.”

मला वाटलं होतं, आता तुझी छी-थू होईल. काय झालं ते ऐक. एकजण म्हणाली, “काळजीपोटी बोलला असेल गं पोर.” दुसरीने माझा दंड धरला आणि अगदी प्रेमाने म्हणाली, “रिटाबाय, असा राग येतो ना, तो पण त्याच आजारात येतो. माझ्या नणंदेला यायचा.”

कळलं का तू काय केलंयस? मी विसरले तर मी आजारी. नाही विसरले, चिडले, तरी मी आजारी. मी कितीही खरं बोलले तरी ते तुझ्याच खोट्याला जाऊन मिळतं. माझ्या तोंडून ते आता पुसलं जाणार नाही. ज्याने सांगितलं त्याच्याच तोंडून पुसलं जाईल. तेव्हा तुझ्याकडून काय वसूल करायचं ते मला त्या पायऱ्यांवर समजलं.

रिटा बॅप्टिस्ट लोपीस


मनवेलपाडा, विरार पूर्व
१९ नोव्हेंबर २०२४

सॅमी,

पत्ता ओळखलास? बरोबर. तुझ्या बायकोच्या घरी आहे. तू ‘एक्स’ म्हणतोस ते मला म्हणता येत नाही.

उद्या मी निघतेय. विमा मिळाला.

तो कसा मिळाला ते मुद्दाम सांगते. प्रत्येक कंपनी एक प्रश्न विचारते: याआधी कुणी तुम्हाला विमा नाकारला आहे का? तू एकदाच खोटं बोललास, पण मला ते दर दारात जाऊन सांगावं लागलं. परेश म्हणाला, “आंटी, ‘नाही’ लिहून टाकू? कोण बघतंय?”

“आत्ता कुणी बघत नाही. तिकडे हॉस्पिटलात पडल्यावर सगळे बघतात.”

खरं लिहिलं, आणि एकामागून एक कंपनीने पाठ फिरवली. एकीने तर सांगितलं, कुणी तरुण नातेवाईक बरोबर असेल तर विचार करू. शेवटी एका कंपनीने बोरिवलीचा रिपोर्ट नीट वाचला, त्यांच्या डॉक्टरीणबाई व्हिडिओवर माझ्याशी बोलल्या आणि चार महिन्यांचा विमा दिला. अटी पुष्कळ आहेत. ब्लडप्रेशरचं दुखणं जिवावर बेतलं तरच ते बघणार. कुणाच्या स्कूटरवर मागे बसायचं नाही. डोंगर चढायचे नाहीत. मी सगळं वाचलं, परेशकडून दोनदा समजून घेतलं आणि मग सही केली. तुझ्या पप्पांशी लग्न करताना एवढं वाचलं नव्हतं.

मग परेश म्हणाला, “आंटी, इमर्जन्सीला कोणाला फोन करायचा?”

मी म्हटलं, “ॲनिशा.”

त्याने मान वर केली. “नातं काय लिहू? एक्स...?”

“सून लिही. घटस्फोट त्या दोघांनी घेतलाय, मी नाही.”

“आणि सॅमी?”

“त्याला रजा मिळत नाही.”

तुला वाटत असेल मी हे सगळं तुला डिवचायला केलं. हो, त्यासाठीच केलं. पण केल्यावर ते बरोबर निघालं. गेले तीन रविवार मी इथेच जेवायला येतेय. ॲनिशा रोज अंधेरीच्या ऑफिसातून दमून येते, तरी शनिवारी पाचूबंदरच्या बाजारात जाऊन माझ्यासाठी सुका जवळा घेऊन आली. परदेशात तोंडाला चव नसेल तर भातावर टाका म्हणाली. मी तिला तुझ्या फोनचं, विम्याचं, आग्नेलचं सगळं सांगितलं. ती ताटातला भात चिवडत राहिली. मग म्हणाली, “मम्मी, त्याने माझ्याबद्दलही हेच सांगितलं होतं. तेव्हा माझं डोकं फिरलं होतं, आता तुम्हाला विसरायला होतं. त्याला कुणी सोडून जायला निघालं की त्या माणसाच्या डोक्यात बिघाड असतो.”

मी तुला त्या वेळीच जेवणाच्या टेबलावर म्हटलं होतं की पोरीचं डोकं ठिकाणावर आहे, तुझी जीभ नाही. तू कित्येक महिने माझ्याशी बोलला नव्हतास. मीच कधीतरी नमतं घेतलं. या वेळी घेणार नाही.

मी कुठे आहे ते ॲनिशाला रोज कळेल. तुला कळणार नाही. नाताळात फोन लावू नकोस, लागणार नाही. आई कुठे आहे, जेवली का, जिवंत आहे का, असं वाटत बस. मी विसरभोळी आहे ना, तुला कळवायचं विसरले असं समज.

रिटा बॅप्टिस्ट लोपीस


उदोन थानी, थायलंड
२७ जानेवारी २०२५

सॅमी,

हे पत्र नर्स तुला कॉरिडॉरमध्ये आणून देईल. तू त्या निळ्या खुर्चीत बसलायस ते मला दाराच्या काचेतून दिसतं. वाचल्याशिवाय उठू नकोस.

काय झालं ते तुला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. व्हिएतनाम मी सुखरूप केलं. लाओसमध्ये व्हांग व्हिएंग म्हणून गाव आहे, नदीकाठी, मागे काळे उभे डोंगर. एका गेस्टहाऊसात मी, दोन स्पॅनिश मुली आणि एक कोरियन मास्तर अशी खोली होती. सकाळी ऑम्लेट खाल्लं, ॲनिशाशी व्हिडिओवर बोलले, तिला नदी दाखवली. दुपारी पोटात उजव्या बाजूला असं दुखायला लागलं की मी जिन्यात बसले ती उठलेच नाही. त्या मुलींनी मला गाडीत घातलं. व्हिएन्तिआनला आल्यावर डॉक्टर म्हणाले, पित्ताशय सुजलंय, फुटू शकतं, सरहद्दीवरचा पूल ओलांडून थायलंडला न्या, तिथे ऑपरेशन होईल.

न्यायला विमा कंपनीची मंजुरी हवी होती. मी स्ट्रेचरवर, आणि कंपनीचा माणूस फोनवर. दुखणं कधी सुरू झालं? म्हटलं, आज दुपारी. आधी कधी दुखलं होतं? म्हटलं, नाही. तो म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे नोंद आहे की आधीच्या कंपनीने तुम्हाला स्मृतीच्या तक्रारीवरून नाकारलं होतं. तुमच्या घरचं कुणी हे कन्फर्म करू शकेल का?”

ऐकलंस? मला आज दुखतंय की महिन्याभरापासून, हे मला आठवत असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. तू जुलैत बोललेलं वाक्य माझ्याआधी तिथे पोचलं होतं. ॲम्ब्युलन्स दारात उभी होती आणि ड्रायव्हर सिगारेट ओढत मंजुरीची वाट बघत होता.

त्यांनी ॲनिशाला फोन लावला. ती ऑफिसमधून उठली आणि बोरिवलीचा रिपोर्ट त्यांना पाठवला. सकाळी मी ऑम्लेट खाताना तिच्याशी हसत बोलत होते हे सांगितलं. ‘माझ्या सासूला काही झालं तर तुमचं नाव घेऊन मी पोलिसात जाईन’ असंही म्हणाली. ते तिने मला सांगितलं नाही, त्या माणसानेच नंतर माफी मागताना सांगितलं. संध्याकाळी मी पूल ओलांडला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

मी शुद्धीवर आल्यावर ॲनिशाने फोनवर पहिलं विचारलं, “सॅमीला सांगू का?” मी म्हटलं, नाही. त्याची रजा वाचू दे. तुझे तिला फोन येत होते, चार वर्षांत पहिल्यांदा, तेही मला कळत होतं. मी नाहीच म्हणत राहिले. मग तू मुंबईला आलास. ती म्हणाली, “मम्मी, तो बिल्डिंगखाली उभा आहे. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही.”

“उभा राहू दे.”

शेवटी तिने माझं न ऐकता तुला सांगितलं. ते तिचं मन. माझं तसं नाही.

आता कालचं.

तू दारात आलास. दाढी वाढलेली, हातात कसलीतरी फळं. दार उघडायच्या आधीच तुझ्या खाकरण्यावरून मी तुला ओळखलं होतं. नर्सने विचारलं, “मॅडम, हा तुमचा मुलगा?”

मी तुझ्याकडे नीट बघितलं आणि म्हटलं, “नाही. मी यांना ओळखत नाही.”

तू “मम्मी” म्हणालास. मी भिंतीकडे तोंड केलं. नर्सने तुला बाहेर नेलं. तुझ्या हातातलं एक फळ खाली पडलं, ते पलंगाखाली गेलं.

जुलैपासून मी या क्षणाची वाट बघत होते आणि तो मला आयता मिळाला. सांगते, फार गोड लागला. तू मला विसरभोळी केलंस ना, मग घे.

पण थोड्या वेळाने डॉक्टर आले. साल कुठलं, देश कुठला, आपण कुठल्या मजल्यावर आहोत. मी सगळं बरोबर सांगितलं, तरी त्यांचा चेहरा उतरलेला. स्वतःचा मुलगा न ओळखणं त्यांना साधं वाटलं नाही. दार उघडंच होतं. त्यांनी बाहेर उभं राहून विमा कंपनीच्या बाईंना फोन लावला आणि मला ऐकू आलं: पेशंट गोंधळलेली आहे, एकटीने पुढे प्रवास नको, सोबत माणूस देऊन मुंबईला पाठवावं आणि मुलाच्या ताब्यात द्यावं.

मुलाच्या ताब्यात! मी चादर मुठीत धरली. माझ्या एका खोट्या वाक्याने तुझं खोटं खरं झालं होतं. मी आत्ता ओरडून ‘ओळखते, ओळखते’ म्हटलं असतं तर तेही त्या आजारातच गेलं असतं.

मग डॉक्टरांनी तुला विचारलं, “तुमच्या आईला हा त्रास आधीपासून आहे का? तशी जुनी नोंद दिसतेय.”

तुला काहीच करायचं नव्हतं, सॅमी. नुसती मान हलवली असतीस तर मी आज तुझ्या त्या अठराव्या मजल्यावर पोचले असते. मी कान देऊन पडले होते.

तू म्हणालास, “नाही. तिला काही झालेलं नाही. ते मी खोटं सांगितलं होतं. तिने जाऊ नये म्हणून. आत्ताही तिने मला ओळखलंय. ती रागावली आहे.”

फोनवरच्या बाईंनी ते पुन्हा सांगायला लावलं. तू पुन्हा सांगितलंस, तुझं पूर्ण नाव घेऊन.

डॉक्टर आत आले. “मॅडम, खरंच ओळखता यांना?”

“ओळखते. माझा मुलगा आहे. पण आत नको.”

त्यांनी माझ्या खाटेच्या पायाशी लावलेल्या कागदावर काहीतरी लिहिलं. नर्सला विचारलं तर म्हणाली, “पेशंटची परवानगी नाही असं लिहिलंय.” तेव्हापासून तू त्या खुर्चीत आहेस.

तू खरं बोललास हे मी ऐकलं. आज पहाटे खाटेवर पडून त्याचाच विचार करत होते. पण ते तू अशा माणसांसमोर बोललास ज्यांना तू पुन्हा कधी भेटणार नाहीस. इथे खरं बोलायला तुला काय लागलं? खोटं तू माझ्या गावात पेरलंस. आता गासला जा आणि तिथे सांग. ते होईपर्यंत मला भेटायचं नाही, आणि तुझा नंबर ब्लॉकच राहील.

फळं नर्सच्या मुलांना दिली. जेवून घे. समोरच्या रस्त्यावर भाताची पेज चांगली मिळते असं नर्स म्हणते.

मम्मी


कांपोत, कंबोडिया
४ मार्च २०२५

सॅमी,

टाके काढले. डॉक्टरांनी सॅक उचलायला मनाई केली म्हणून चाकांची छोटी बॅग घेतलीय, तिची मला लाज वाटते. विमा अजून चालू आहे. कंपनीच्या त्या बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं की जुनी नोंद आता दुरुस्त झालीय, आणि पित्ताशय तर उरलंच नाही, तेव्हा त्याचा प्रश्न नाही. मी नदीकाठी राहते. इथे मिरीचे वेल आहेत, आपल्या वाडीतल्या पानवेलींसारखेच चढवलेले. गेस्टहाऊसच्या मालकिणीशी खुणांनी वेलांबद्दल बोलत बसते. एका शब्दावाचून अडत नाही.

तू गासला गेलास हे आग्नेलने कळवलं. मला मोठा मेसेज पाठवला. मिस्सा संपल्यावर तू त्याला आणि फादरांना चर्चच्या मागच्या खोलीत गाठलंस, दार लोटून घेतलंस आणि सगळं कबूल केलंस. रडलासही म्हणे. आग्नेलने माझी माफी मागितली आणि मी परत आल्यावर पहिलं वाचन माझंच असं लिहिलं.

मी त्याला उत्तर पाठवलं, ते त्याने तुला दाखवलंच असेल: खोटं रस्त्यारस्त्यावर फिरलं, मग खरं दार लोटून का?

मला वाटलं, आता तू चिडून बंगळूरला निघून जाशील. जायला हवा होतास. मी तशी तयारी करून बसले होते, की मग आयुष्यभर माझा राग मला बिनघोर बाळगता येईल.

पण काल ॲनिशाचा फोन आला. ती हसत होती. म्हणाली, “मम्मी, सॅमीने रजा काढलीय. तो गासमध्ये घरोघरी फिरतोय.”

“म्हणजे?”

“म्हणजे प्रत्येक घरात जातोय, बसतोय आणि सांगतोय की माझ्या आईला काही झालेलं नाही, मी खोटं बोललो. औषधाच्या दुकानात सांगून झालं. भाजीवालीला सांगून झालं. परेशच्या ऑफिसातही जाऊन आला. प्रत्येक घरी त्याला चहा घ्यावा लागतोय. आणि माझ्याकडे पण आला होता.”

“तुला काय म्हणाला?”

“ते माझं माझ्याकडे राहू द्या.”

मी तिला पुढे विचारलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र मी एवढी हसले की पोटावरची शिवण दुखायला लागली. मालकीण धावत आली. तिला कसं सांगणार? माझा एवढा मोठा साहेब मुलगा, इस्त्रीच्या शर्टात, एकेका ओटीवर बसून त्या बायकांच्या तोंडाकडे बघत तेच तेच सांगतोय, आणि त्या ‘बिस्किट घे ना, बाबा’ म्हणताहेत. मला त्यातल्या एकेकीचा चेहरा दिसत होता. ती नणंदेवाली काय म्हणाली असेल! तिच्याकडे तू नक्कीच जास्त वेळ अडकला असशील.

हसू थांबल्यावर जरा रडलेही. ते कशाचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी तुला सांगितलं नसतं.

तुझा नंबर आज सकाळी उघडलाय. लगेच फोन करू नकोस. तुझं काम व्हायचंय अजून. ॲनिशा म्हणाली, निर्मळच्या रस्त्याकडची काही घरं राहिलीत. तिथे शेवटचं घर मॅगलीनआत्याचं. ती तुझ्या पप्पांची मोठी आत्या, नव्वदी ओलांडलीय, आणि तिला अजिबात ऐकू येत नाही. कानात बोललेलं तिला कळत नाही. तिच्या अंगणात उभा राहा, रस्त्याच्या बाजूला तोंड कर, आणि ओरडून सांग.

मम्मी